केबिनमधला तिसरा बिछाना

मुंबईच्या घरात मुक्कामाला एक माणूस वाढलं, तर कुणाची फारशी धावपळ होत नाही. माळ्यावरची गादी खाली येते, टीपॉय भिंतीकडे सरकतो आणि हॉलमध्ये अंथरूण पडतं. क्रूझच्या जहाजावर मात्र ‘आमचं आम्ही अॅडजस्ट करू’ म्हणायची सोय नाही. आई-बाबा आणि कॉलेजातली मुलगी असो की नवरा-बायको आणि सासूबाई, तिसरं माणूस कुठे झोपणार हे बुकिंगच्या दिवशीच ठरतं.

जागेचा हिशेब आधी पाहू. साध्या, खिडकी नसलेल्या केबिनचं क्षेत्रफळ बऱ्याच जहाजांवर १५० ते १८५ चौरस फूट असतं; जुन्या जहाजांवर त्याहूनही कमी. बाथरूम, कपाट आणि आरशाचं टेबल यातच आलं. दोन पलंग मांडले की उरते ती चालण्यापुरती वाट. म्हणून तिसरा बिछाना दिवसा कुठेतरी लपवावा लागतो, आणि तो लपवायच्या जागा दोनच: भिंत किंवा छत, नाहीतर सोफा.

भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणाऱ्या बर्थला जहाजावर ‘पुलमन’ म्हणतात. हे नाव आलं रेल्वेतून. अमेरिकेत जॉर्ज पुलमन यांनी १८६०च्या दशकात झोपायच्या डब्यांसाठी असा मिटणारा वरचा बर्थ वापरात आणला. आपल्याकडच्या थ्री टायर डब्यातला मधला बर्थ आठवला, की कल्पना लगेच येते. फरक इतकाच, की रेल्वेत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तो बर्थ प्रवासी स्वतः उघडतात, तर जहाजावर हे काम केबिन स्टुअर्डचं. प्रवासी रात्रीच्या जेवणाला गेले की तो येतो, कडी सोडून बर्थ खाली ओढतो, चादर-उशी लावतो, शिडी अडकवतो. सकाळी नाश्त्याच्या वेळी सगळं पुन्हा भिंतीत. डिस्नेच्या काही जहाजांवर तर छतातून उतरणाऱ्या बर्थच्या वर तारे रंगवलेले असतात. मुलं त्या जागेसाठी भांडतात.

पण ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी ती शिडी म्हणजे रोजची परीक्षा. रात्री बाथरूमला उठायचं, अंधारात पाय टेकायला पायरी शोधायची, त्यात जहाज हलकं डुलत असतं. सहा वर्षांखालच्या मुलांनाही वरच्या बर्थवर झोपवू नये. अशा कुटुंबाने सोफा-बेडचीच केबिन मागावी. सोफा-बेड जमिनीलगत असतो, पण उघडला की वाट अडवतो. गादीही बहुधा पलंगापेक्षा पातळ. आणखी एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. काही केबिनमध्ये पुलमन खाली आला, की खालचे दोन पलंग जोडून डबल बेड करता येत नाही.

कधी कधी तिघांची केबिन रिकामी असूनही मिळत नाही. ‘जागा आहे, मग का नाही?’ असा प्रश्न एजंटला हमखास ऐकावा लागतो. कारण बिछान्यांत नाही, जीवरक्षक नौकांत असतं. १९१२ साली टायटॅनिकवर २,२०० हून अधिक माणसं होती आणि नौकांमध्ये जागा होती जेमतेम १,१७८ जणांची. त्या दुर्घटनेनंतर १९१४ साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जहाजावरच्या प्रत्येकासाठी जीवरक्षक साधनात जागा राखलेली असते, आणि प्रत्येक केबिनला आणीबाणीत जमायचं ठिकाण नेमून दिलेलं असतं. त्या ठिकाणची संख्या भरली, की त्या भागातल्या केबिनमध्ये तिसरं माणूस घेत नाहीत. मांडीवरचं बाळही या मोजणीत एक अख्खं माणूस धरलं जातं. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ जहाजावर घेतच नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या सफरींना ही अट एक वर्षाची असते.

हे तिसरे-चौथे बिछाने मिळून केवढी माणसं होतात, ते ‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजावर दिसतं. २,८०५ केबिन, प्रत्येकी दोघं धरले तर ५,६१० प्रवासी. पण जास्तीत जास्त क्षमता आहे ७,६००.

तिसऱ्याचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा बहुतेक वेळा बरंच कमी असतं. बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क मात्र माणशी लागतं, म्हणून नुसता जाहिरातीतला आकडा पाहून हिशेब मांडू नये.

२०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारं ‘एम्प्रेस’ हे १९९० साली सेवेत आलेलं जहाज. त्या पिढीच्या जहाजांतल्या केबिन आजच्या मानाने लहान, त्यामुळे तिघांनी जाताना ही चौकशी जास्तच गरजेची. जहाजाच्या नकाशात केबिनच्या क्रमांकाशेजारी त्रिकोण, चौकोन किंवा तारा अशी बारीक खूण असते. कुठल्या खुणेचा अर्थ सोफा-बेड आणि कुठल्या खुणेचा वरचा बर्थ, हे नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. आजी बरोबर येणार असेल, तर पैसे भरण्याआधी एजंटसमोर तो नकाशा उघडावा, खुणेवर बोट ठेवावं आणि विचारावं: हिला शिडी चढावी लागेल का?