कंटेनर, कट-ऑफ आणि वाढवण

पुण्यात विश्रांतवाडीजवळ, धानोरीच्या बाजूला एका शेडमध्ये वीस फुटी कंटेनर भरायला लागला होता. माल चढवण्याआधी सुपरवायझर स्वतः रिकाम्या कंटेनरात शिरला आणि त्याने बाहेरून दारे ओढून घ्यायला सांगितले. थोड्या वेळाने आतून थाप. "उजेड येत नाही कुठून. घ्या भरायला!" पत्र्याला बारीक भोक असले तरी समुद्रावर पाणी आत जाते आणि घासूनपुसून पाठवलेल्या पार्टांना गंज चढतो.

मग फोर्कलिफ्ट. लाकडी पॅलेटवर लोंबीचे चित्र आणि 'एचटी' ही अक्षरे, म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेली. हा शिक्का नसेल तर परदेशात माल अडकतो. जड पेट्या खाली, वजन दोन्ही अंगांना सारखे, वरून पट्टे आवळलेले. शेवटी ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या, दारे लावली, सील कट्टकन बसले आणि त्याच्या नंबराचा फोटो सीएचएला, म्हणजे कस्टमचे काम पाहणाऱ्या एजंटाला गेला. वजनकाट्याची पावतीही लागतेच. जुलै २०१६ पासून प्रमाणित वजनाशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही.

इथून पुढे सगळा जीव घड्याळात. ट्रेलरने शहरातल्या बंदीच्या वेळा सांभाळायच्या, बोरघाट उतरायचा आणि कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी कंटेनर घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या आत न्हावाशेवा बंदराचे गेट गाठायचे. चुकले तर पुढचे जहाज.

१९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदराच्या जोडीला उत्तरेत, डहाणूजवळ वाढवण बंदर उभे राहत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज सुमारे ७६,२०० कोटी. नैसर्गिक खोली जवळपास २० मीटर, त्यामुळे चोवीस हजार टीईयूची, म्हणजे तितके वीस फुटी कंटेनर मावणारी जहाजे थेट लागतील. आज देशाचा बराच माल कोलंबो, सिंगापूरला उतरवून मोठ्या जहाजावर चढवावा लागतो; ते दिवस आणि तो खर्च वाचेल. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मात्र जुना आहे, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न कोटींच्या आकड्याखाली झाकू नये.

पण पुण्याहून वाढवण न्हावाशेवाच्या जवळपास दुप्पट लांब. वर घाट आहेच. ट्रेलरने तिथे जाणे आपल्याला परवडणार नाही. म्हणून पुण्याच्या कारखानदारांनी खोलीचे कौतुक पुरे करावे आणि तळेगाव-चाकणहून वाढवणपर्यंतच्या मालगाडीची मागणी आत्ताच लावून धरावी.