आधी उचल, मग शर्यत

मी मराठी शिकवतो. शर्यतीशी माझा संबंध काय तो सकाळची कर्जत लोकल पकडण्यापुरता, आणि ती शर्यतही मी बहुधा हरतोच. त्यामुळे गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास कर्जत तालुक्यातील एका आश्रमशाळेने क्रीडास्पर्धांचा पाहुणा म्हणून मला बोलावले, तेव्हा मला मोठी मौज वाटली. माझा एक जुना विद्यार्थी तिथे शिक्षक आहे. त्याचा शब्द मोडवेना, म्हणून गेलो.

मैदान म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी सपाट केलेला जमिनीचा तुकडा. त्यावर फक्कीने आखलेल्या रेघा. मुलींची ८०० मीटरची शर्यत सुरू झाली आणि आठवीतली एक कातकरी मुलगी तिसऱ्या फेरीतच इतकी पुढे निघून गेली, की दुसरी कोण हे पाहायला मला मान वळवावी लागली. पायांत काही नव्हते. शर्यत संपल्यावर ती नळावर गेली, पाणी प्यायली आणि जणू काहीच घडले नाही अशी रांगेत जाऊन बसली. मी तिच्या हातात कंपासपेटी दिली. "हिवाळ्यात पेणच्या प्रकल्पस्पर्धेत हिचा नंबर ठेवलेला आहे, सर," माझा विद्यार्थी अभिमानाने म्हणाला.

डिसेंबरात तो भेटला, तेव्हा मी सहज विचारले, "काय रे, तुझी ती हरिणी काय म्हणते?"

"ती कुठली यायला, सर? दिवाळीच्या सुट्टीत घरी गेली, ती तशीच भट्टीवर. बापाने उचल घेतली होती."

हा 'उचल' शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित नवा असेल. भातकापणी उरकली, की कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. ती परततात पावसाच्या तोंडावर. मुकादम मात्र त्याआधीच, घरात दाणा नसतो अशा दिवसांत, वाडीवर येतो आणि आगाऊ रक्कम हातावर ठेवतो. हंगामभर राबून ती फेडायची. हिशेबाच्या दिवशी बाकी अंगावर निघाली, तर ती पुढच्या वर्षावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली खरी, पण अंगावरच्या बाकीने बांधलेला माणूस कायद्याचे पुस्तक उघडायला कुठे जाणार? आईबाप विटा पाडतात तेव्हा धाकट्यांना सांभाळायला थोरली मुलगी लागते. आमची ८०० मीटरवाली घरातली थोरली होती.

उचलीची ही पद्धत वाईटच. पण मुकादमाला एक गोष्ट कळते, ती आपल्याला कळत नाही. गरिबाला पैसा कोणत्या महिन्यात लागतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तो आधी पैसे देतो आणि काम मागून घेतो. आपण खेळाडूंच्या बाबतीत नेमके उलटे करतो. आधी पदक आण, मग पैसे.

२०२४ साली पॅरिसला स्वप्नील कुसळेने नेमबाजीत ब्राँझपदक मिळवले, आणि राज्याने त्याला २ कोटी रुपये दिले. उत्तम झाले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्याला माहीत झाली तीही २०१० साली, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवल्यावर. मग २०१२ चा अर्जुन पुरस्कार आला. वर्तमानपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटले. पण ही एक्सप्रेस नाशिकपर्यंत पोचली आणि तिथे तिला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले, म्हणूनच पुढचे सारे झाले. आणि एवढे होऊनही शासकीय नोकरीसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागल्याची तक्रार तिला २०२४ साली जाहीरपणे करावी लागली!

'खेलो इंडिया'त निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १०,००० रुपये हातखर्च मिळतो. शिडी चांगली आहे. फक्त तिची पहिली पायरी जमिनीपासून फार उंच आहे. तिथे पोचायला जन्मतारखेचा दाखला हवा, जातीचा दाखला हवा, आणि कितीतरी कातकरी घरांत यांतला एकही कागद नसतो. बूट हवेत, एस.टी.चे भाडे हवे, रोज एखादे अंडे हवे. आणि सर्वांत आधी, मुलगी जानेवारीत शाळेत हवी.

आधी पैसा आणि मग पदक, असे कुठे घडले आहे का? घडले आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील बॅरेलन हे गव्हाच्या शेतांतले लहानसे गाव. तिथल्या एका आदिवासी घरातली मुलगी, इव्हॉन गुलागाँग, टेनिस बरे खेळते हे गावकऱ्यांच्या ध्यानात आले. त्यांनी वर्गणी काढली, कपडे आणि बॅग घेऊन दिली आणि तिला शिकायला सिडनीला धाडले. १९७१ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, तिने विम्बल्डन जिंकले. १९८० साली, एका मुलीची आई झाल्यावर, पुन्हा जिंकले. वर्गणी देताना बॅरेलनकरांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

आपल्याकडे तर वर्गणीची विद्या मुळातच आहे. भात निघाल्यावर रिकाम्या खाचरांत कबड्डीचे आणि क्रिकेटचे सामने भरतात, ते काय सरकारी अनुदानावर? शिवाय पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे स्थानिक गरजांच्या लहान योजनांसाठी 'न्यूक्लिअस बजेट' असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कारखान्यांना सामाजिक कामाचा निधी ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर खर्चता येतो, आणि खोपोली-रसायनीला कारखान्यांची उणीव नाही. कर्जतच्या नदीकाठी आपल्यापैकी कित्येकांची शनिवार-रविवारची घरे आहेत. त्या घरांच्या विटा कोणी पाडल्या असतील, हा विचार माझ्याही मनात पूर्वी आला नव्हता.

मुलगी जूनमध्ये परत आली. आता नववीत आहे. यंदा मी, माझा विद्यार्थी आणि कॉलेजातले दोन सहकारी असे चौघे श्रावणातच, मुकादमाच्या आधी, तिच्या वाडीवर गेलो. बापाने आमचे सारे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, "धावून काय मिळंल, सायेब?"

पदकाचे आश्वासन द्यायला जीभ रेटेना. माझा विद्यार्थी म्हणाला, "ते नाही सांगता येत, दादा. पण पावसातली ही उचल आमच्याकडून घ्या. फेडायची नाही. पोरीला तेवढी शाळेत राहू द्या. धाकटी दोघेही आमच्याच शाळेत घालू."

तो बराच वेळ गप्प बसला आणि मग 'बरं' म्हणाला. आईबाप भट्टीवर जातीलच, ते आमच्याने थांबले नाही. तिन्ही पोरे मात्र दिवाळीची सुट्टी संपताच शाळेत परतायची आहेत.

चौघांनी मिळून एक वही घातली आहे. तांदूळ, बूट, दाखल्यांचा खर्च, पेणचे जाण्यायेण्याचे भाडे, असे तिचे रकाने आहेत. बक्षिसाचा रकाना ठेवलेला नाही. शाळा उघडेल त्या दिवशी मी सकाळची लोकल पकडणार आहे, आणि त्या दिवशी तरी ती चुकवून चालणार नाही.