परसातील ऑस्ट्रेलियन झाडे : काय लावावे, कोठे टाळावे

मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकेतून रोपे आणण्याची लगबग सुरू होते. घराभोवती लावण्यासाठी नेहमी मागणी असलेली निलगिरी, सिल्व्हर ओक, बॉटलब्रश आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडे मूळची ऑस्ट्रेलियाकडील आहेत. सुबाभळीलाही अनेकजण याच पंक्तीत बसवितात, पण ती मेक्सिकोकडची. ही झाडे काटक खरी. परंतु नांदेड-लातूरच्या काळ्या जमिनीत ती डोळे झाकून लावू नयेत.

प्रथम निलगिरीविषयी. आपल्या देशात ती सन १७९० च्या सुमारास म्हैसूर भागातील नंदी टेकड्यांवर आली आणि १९८० नंतरच्या दशकात सामाजिक वनीकरणातून गावोगाव पोहोचली. तयार होणाऱ्या लाकडाच्या हिशेबाने ती पाणी वाया घालवीत नाही, हे खरे. पण झपाट्याने वाढणारे झाड एकूण पाणी भरपूर ओढतेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. अशा भागात विहीर, बोअर किंवा घराच्या पायाजवळ निलगिरी लावू नये. बांधावर आधीच असल्यास पिकाच्या बाजूने दोन ते तीन फूट खोल चर काढावा, म्हणजे वरच्या थरातील मुळे पिकाकडे येत नाहीत. चर दरवर्षी साफ करावा लागतो.

अंगणासाठी माझी पहिली पसंती बॉटलब्रशला. झाड आटोपशीर राहते आणि लाल, ब्रशसारख्या फुलांवर मधमाश्या व शिंजीर पक्षी येतात. बहर संपताच फुललेल्या भागाच्या लगेच मागे छाटणी करावी. जुन्या, पाने नसलेल्या लाकडात खोल छाटल्यास फूट नीट येत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत मात्र याची कोवळी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता होय. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. अशा वेळी हिराकस ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून सायंकाळी फवारावे.

सिल्व्हर ओक सरळ उंच वाढतो व नारिंगी-सोनेरी फुलांनी शोभतो; मात्र त्याच्या फांद्या वाऱ्याने मोडतात. म्हणून घर, गोठा आणि विजेच्या तारांपासून किमान वीस फूट अंतर ठेवावे. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या फांद्याही ठिसूळच, तेव्हा तिलाही हाच नियम.

आता आपल्या सवयीविरुद्धची एक गोष्ट. खड्डा भरताना मूठभर डीएपी टाकण्याकडे आपला हात आपोआप जातो. येथे तो आवरावा. ऑस्ट्रेलियातील बऱ्याच जमिनी फार जुन्या व स्फुरदाने गरीब आहेत. तेथील अनेक झाडांची मुळे थोडाही स्फुरद शोधून घेण्यात तरबेज असतात. सिल्व्हर ओकच्या कुळातील कित्येक झाडांना जास्त स्फुरद अपायकारक ठरतो, शिवाय त्यामुळे लोहाची टंचाई वाढते. चांगले कुजलेले शेणखत पुरेसे आहे.

खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. भारी जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून भरताना मातीत बारीक मुरूम मिसळावा आणि रोप अर्धा फूट उंचवट्यावर लावावे. उन्हाळ्यात जमीन भेगाळून मुळे तुटतात. त्यासाठी बुंध्यापासून चार बोटे अंतर सोडून सोयाबीनच्या भुसकटाचा जाड थर पसरावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी घातल्यास मुळे वरच राहतात.

रोप घेताना उंचीवर भुलू नये. पिशवीच्या तळाशी मुळांचे वेटोळे झालेले मोठे रोप पुढे वाऱ्यात उन्मळते. त्यापेक्षा वीतभर-दीड वीत उंचीचे ताजे रोप घ्यावे.