पलंगाखालचा पलंग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधून वाहणाऱ्या जाम नदीवर गोटमार, म्हणजे दोन्ही गावांतली दगडफेक, होते. त्या दोन दिवसांत नागपूर, बैतूल, छिंदवाड्याकडचे सोयरे येतात, नोकरीसाठी बाहेर पडलेली मुलं घरी परततात. जामसावळीच्या हनुमानाला निघालेले नातेवाईकही जवळच्या सौंसरला मुक्काम टाकतात. घर तेवढंच आणि माणसं दुप्पट. मग बैठकीत सतरंज्या पसरतात आणि निम्मी मंडळी जमिनीवर झोपते.

जुन्या घरांना हे जड जात नसे. सुतळीच्या किंवा नवारीच्या बाजा दिवसा भिंतीला उभ्या टेकवलेल्या असत, रात्री अंगणात किंवा ओसरीत टाकल्या जात. बाज एकट्याने उचलता येई, ही तिची खरी किंमत. आता अंगणाच्या जागी स्लॅबची खोली आली, दहा बाय बाराची. त्यात मोठा दिवाण किंवा बॉक्स बेड बसला की उरलेली जागा चालण्यापुरतीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. बदली होऊन येणाऱ्या कुटुंबांना भाड्याची घरंही अशीच दोन खोल्यांची मिळतात.

जमिनीवर झोपण्याची मला खरी काळजी वाटते ती पोळ्याच्या ऋतूमुळे. पाऊस चालू असतो, फरशीला ओल असते आणि शेताला लागून असलेल्या घरांत मण्यार शिरते. हा साप रात्री फिरतो. त्याचा चावा इतका बारीक असतो की झोपेतल्या माणसाला अनेकदा कळतही नाही. नंतर पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि उपचाराला उशीर झाला तर श्वास बंद पडतो. म्हणून जमिनीपासून उंच झोपावं आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचावी, हा सल्ला जाणकार नेहमी देतात. पाहुण्याला उचलून पलंगावर झोपवणं हा निव्वळ सोयीचा भाग नाही.

यावर चांगला उपाय म्हणजे ट्रंडल बेड, म्हणजेच पलंगाखालून ओढायचा पलंग. नेहमीच्या एकेरी पलंगाखाली चाकांवरची दुसरी बुटकी चौकट असते. रात्री ती बाहेर ओढायची, सकाळी आत ढकलायची. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकातही असे पलंग होते. मालक वरच्या उंच पलंगावर झोपे आणि नोकर खालच्यावर.

आपल्याकडे तो गावातल्या सुताराकडून किंवा चौकोनी पाइपचं काम करणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडून सहज बनवून घेता येतो. मात्र मापं आपणच ठरवून सांगावीत. वरच्या पलंगाच्या पट्टीची खालची कड जमिनीपासून १४ इंच उंच ठेवावी. खालच्या पलंगाची चाकं २ इंच, चौकट आणि प्लाय मिळून ३ इंच, गादी ४ इंच, वर चादर-उशीला २ इंच. झाले ११ इंच. वरचे ३ इंच मोकळे राहिले की गादी अडकत नाही. वरची ५ इंची गादी धरून बसायची उंची २० इंचांच्या आसपास येते, म्हाताऱ्या माणसालाही उठायला बरी. वरची गादी ७८ इंच लांब असली तरी पाय आड येतात, म्हणून खालची ७२ इंचांचीच धरावी. पलंग बाजूने ओढला जावा आणि समोर ३ फूट जागा रिकामी असावी. दहा फुटांच्या भिंतीशी दोन्ही पलंग ६ फूट घेतात, ४ फूट वावरायला राहतात. चाकांना ब्रेक हवेत, नाहीतर कुशीवर वळताना पलंग सरकतो. सारवलेल्या जमिनीवर बारकी चाकं रुततात. तिथे रुंद चाकं लावावीत.

साठवणीबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. खाली पलंगही हवा आणि रजया, स्वेटर, पितळी भांडी, लग्नाच्या साड्याही तिथेच ठेवायच्या, हे १४ इंचांत होत नाही. दोन्ही साधायचं तर पलंग २४ इंचांवर जातो आणि बसलेल्याचे पाय लोंबतात. ज्यांच्याकडे वर्षातून एकदाच पाहुणे येतात, त्यांनी खालच्या चौकटीला गादी न लावता तिचा चाकांचा मोठा खण करावा. बॉक्स बेडसारखी वरची गादी उचलावी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. सणासुदीला खण रिकामा करून त्यात गादी टाकता येते. पण ज्या घरात दर महिन्याला कुणी ना कुणी मुक्कामाला असतं, तिथे खाली त्या पलंगाच्या चादरी-उश्यांखेरीज काही ठेवू नये. सामान एकदा शिरलं की पलंग बाहेर निघत नाही आणि पाहुणा पुन्हा सतरंजीवर जातो.

हा कपाशीचा मुलूख, त्यामुळे रुईची गादी घरोघरी असते. ती बंद जागेत ओल धरते आणि तिच्या गाठी होतात. खालच्या प्लायला भोकं पाडून घ्यावीत किंवा प्लायऐवजी अंतर सोडून पट्ट्या ठोकाव्यात. उघडीप मिळेल तेव्हा गादीला ऊन दाखवावं आणि पलंगाखालचा केर काढावा. अडगळीत उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बुटक्या पलंगालाही मच्छरदाणी खोचलेलीच हवी.

गुडघे दुखणाऱ्यांना खालचा पलंग देऊ नका, तो तरुणांचा. आणि सुताराला काम सांगायचं असेल तर आखाडातच सांगा, म्हणजे पोळ्याला घरात कुणालाही जमिनीवर झोपावं लागणार नाही.