पायरेट्सचे नऊ जण

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा विषय निघाला की जुन्या चाहत्यांना आधी आठवतो तो १३ ऑक्टोबर १९६०. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सातवा, निर्णायक सामना. न्यूयॉर्क यांकीजने त्या मालिकेत ५५ धावा कुटल्या होत्या, पायरेट्सच्या जेमतेम २७. यांकीजचे तीन विजय १६-३, १०-० आणि १२-० असे होते. पण पायरेट्सने बाकीचे तीन सामने जिद्दीने खेचून आणले, आणि सातव्यात ९-९ अशी बरोबरी असताना पायरेट्सच्या बिल मॅझरोस्कीने यांकीजच्या राल्फ टेरीचा चेंडू भिंतीपार धाडला आणि मालिका जिंकून दिली. ते मैदान पुढे पाडलं गेलं, तरी त्या भिंतीचा एक भाग अजून उभा आहे. दर १३ ऑक्टोबरला चाहते तिथे जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात.

मला मात्र त्याहून मोठी वाटते १ सप्टेंबर १९७१ ची संध्याकाळ. बुधवार होता, समोर फिलाडेल्फियाचा संघ. मॅनेजर डॅनी मर्टॉ यांनी नावं लिहून दिली: स्टेनेट, क्लाइन्स, क्लेमेंटे, स्टारजेल, सँगियेन, कॅश, ऑलिव्हर, हर्नांडेझ आणि पिचर (चेंडू फेकणारा) डॉक एलिस. नऊच्या नऊ कृष्णवर्णीय, त्यातले काही लॅटिन अमेरिकेतले. मेजर लीगमध्ये असा संघ पहिल्यांदाच उतरत होता. जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत फोडली, त्याला २४ वर्षं झाली होती. कसली घोषणा नाही, समारंभ नाही. खेळाडूंच्याही ते सामना सुरू झाल्यावरच ध्यानात आलं. शहरातली वर्तमानपत्रं संपामुळे बंद होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गच्या घराघरांत बातमीही पोहोचली नाही. पायरेट्स १०-७ ने जिंकले. सर्वोत्तम नऊ जण उतरवले, एवढंच मर्टॉंचं म्हणणं. मला त्यांचा हा साधेपणाच फार मोलाचा वाटतो. त्याच मोसमात पायरेट्सने वर्ल्ड सिरीजही जिंकली.

त्या नऊ जणांतला रॉबेर्तो क्लेमेंटे पोर्तो रिकोचा. वर्तमानपत्रं, बेसबॉल कार्डं त्याला ‘बॉब’ करू पाहायची. तो आपलं नाव रॉबेर्तोच सांगत राहिला. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने तीन हजारावा हिट मारला. त्यानंतर डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. त्याने आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोहोचत नाही असं कळल्यावर ३१ डिसेंबरला तो स्वतःच सामानाच्या विमानात बसला. विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. पायरेट्सच्या आजच्या मैदानातली उजवीकडची भिंत त्याच्या आठवणीत २१ फूट उंच आहे. क्लेमेंटेच्या जर्सीचा क्रमांक २१ होता.

१९७९ च्या विजेतेपदानंतर पायरेट्सना उतरती कळा लागली. १९९३ पासून सलग २० मोसम विजयांपेक्षा पराभवच जास्त. त्याच पडत्या काळात, २००८ मध्ये, पायरेट्सने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध केलं. त्या वर्षापूर्वी दोघेही बेसबॉल खेळले नव्हते. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोहोचलं नाही. पण जुलै २००९ मध्ये खालच्या लीगमधला एक विजय पिचर म्हणून रिंकूच्या नावावर लागला. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये कुणा भारतीयाचा तो पहिलाच विजय.