जिंकलेला मुलूख कसा राखला जातो?

इतिहासाच्या तासाला लढाईचे वर्णन मुले तल्लीन होऊन ऐकतात. परंतु लढाई संपल्यावर पुढे काय झाले, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. मुलूख एका रात्रीत घेता येतो; तो राखण्यास मात्र व्यवस्था लागते. ही गोष्ट समजावून देण्यास कोल्हापूरच्या शिक्षकांजवळ पन्हाळगडासारखे दुसरे साधन नाही.

शिवाजी महाराजांनी पन्हाळा प्रथम नोव्हेंबर १६५९ मध्ये घेतला. पण सिद्दी जौहरच्या वेढ्यानंतर १६६० मध्ये तो पुन्हा विजापूरकरांकडे गेला. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंद याने साठ निवडक माणसांनिशी छापा घालून तो परत मिळविला. गड घेण्याचे काम येथे संपले व राखण्याचे सुरू झाले.

महाराजांच्या गडावर एकाच माणसाच्या हाती सारी सत्ता नसे. हवालदार, सरनोबत व सबनीस हे समान दर्जाचे अधिकारी मिळून कारभार पाहत. कोठारांचा हिशेब कारखानिसाकडे असे. एकजण फितूर झाला, तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातील हेतू होता.

गडाखालच्या मुलखात जमिनीची मोजणी अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झाली. पाच हात व पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर, असे माप ठरले. पिकाचे पाच भाग करून तीन रयतेस व दोन सरकारास, असा वाटा सभासदाच्या बखरीत सांगितला आहे. देशमुखांची वतने राहिली. परंतु त्यांचे हुडे व कोट पाडण्यात आले. वसुली त्यांच्या मर्जीवर राहिली नाही. सैनिकांना जमिनीऐवजी रोख वेतन देण्यावर भर होता.

इंग्लंडचा इतिहास येथे तुलनेस उपयोगी पडतो. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकल्यावर नॉर्मन राजा विल्यम याने ठिकठिकाणी मातीचे उंचवटे रचून लाकडी गढ्या उभारल्या आणि १०८६ मध्ये देशभरच्या जमिनीची नोंदवही करविली. गड आणि जमिनीची नोंद, ही दोन्ही साधने तेथेही दिसतात. भेद एवढाच, की विल्यमने जुन्या सरदारांच्या जमिनी काढून आपल्या सोबत्यांना वाटल्या. जमिनीबरोबर बळही वाटले जाते. मराठी राज्यातही राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी झुंजताना वतने व सरंजाम देणे भाग पडले, तेव्हा सरदार प्रबळ होत गेले.

हा पाठ शिकविताना शिक्षकांनी मुलांकडून दोरीची पाच हात पाच मुठींची काठी करवून शाळेचे अंगण मोजून घ्यावे. माप कोणाच्या हाताचे धरायचे, यावरून वाद होईल. तो होऊ द्यावा. सर्वांसाठी एकच माप ठरविणे हे राज्याचे काम का असते, हे त्या वादातून मुलांना आपोआप उमगेल. सहलीत पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती ही कोठारे अवश्य दाखवावीत. तट कितीही भक्कम असला, तरी कोठारात धान्य नसेल तर वेढ्यात गड टिकत नाही, आणि ते धान्य खालच्या गावांतील शेतकरी पिकवीत असतो, हे तेथे उभे राहून सांगावे.