थव्याविना काकाकुवा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कच्या जंगलात, पाम काकाकुवा नावाचा मोठा काळा पक्षी झाडाची फांदी चोचीने तोडतो, पंजात मावेल एवढी काठी करून घेतो आणि पोकळ खोडावर ती आपटू लागतो. ठोके लयीत पडतात. रॉबर्ट हाइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं जंगलात दबा धरून 18 नरांचं हे वादन टिपलं. 2017 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. प्रत्येक नराची चाल त्याची स्वतःची. कुणाची द्रुत, कुणाची संथ, कुणी मधेच एखादी खास जागा घेणारा. ताल धरण्यासाठी हत्यार तयार करणारा प्राणी माणसाखेरीज एवढा हाच माहीत आहे.

या काळ्या वादकाचे पांढरे भाऊबंद आपल्याकडच्या पक्षीविक्रेत्यांकडे दिसतात. व्हिडिओंत ते डोकं खाजवून घेतात, तुरा फुलवून माणसाच्या कुशीत शिरतात. पाहणाऱ्याच्या मनात लगेच येतं, पहिला पक्षी पाळायचा तर हाच. पण तो पहिला पक्षी म्हणून योग्य आहे का, याचं उत्तर पिंजऱ्याच्या मापात किंवा दाण्याच्या खर्चात नाही. ते त्या पक्ष्याच्या डोक्यात आहे, आणि तिथे डोकावलं की थक्क व्हायला होतं.

फिलिपीन्स, इंडोनेशिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ऑस्ट्रेलिया एवढ्या पट्ट्यात काकाकुव्यांच्या सुमारे 21 जाती राहतात. पोपटांचेच ते नातेवाईक, पण यांच्यात हिरवा किंवा निळा पक्षी सापडणार नाही. इतर पोपटांच्या पिसांत निळी छटा निर्माण करणारी जी सूक्ष्म रचना असते, ती यांच्या पिसांत नाही. म्हणून पांढरा, काळा, करडा, गुलाबी एवढेच रंग, वर कुठे पिवळ्या-लाल रंगाचा शिडकावा. आणि तो उघडमीट करणारा तुरा.

सिडनीत पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे घराबाहेरच्या चाकांच्या कचरापेट्या उघडतात. झाकणाची कड चोचीत धरायची, मान वळवून ते उचलायचं, कडेकडेने मागे चालत जायचं आणि झाकण पलीकडे पाडायचं. 2018 च्या आधी ही करामत 3 उपनगरांतून कळली होती. 2019 संपेपर्यंत ती 44 उपनगरांत पोहोचली. बार्बरा क्लुम्प आणि ल्यूसी अॅप्लिन यांच्या गटाने दाखवून दिलं की पक्षी हे एकमेकांचं पाहून शिकत होते, आणि लांबलांबच्या भागांत उघडण्याच्या पद्धतीही वेगळ्या पडल्या होत्या. म्हणजे एका उपनगराची रीत दुसऱ्यापेक्षा निराळी. आपण ज्याला संस्कृती म्हणतो, तिचं हे बीजच. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, तर काही काकाकुव्यांनी त्या ढकलून पाडल्या.

इंडोनेशियातल्या तनिंबार बेटांवरचा गॉफिन काकाकुवा आकाराने लहान, पण कारागीर म्हणून त्याहून वरचढ. तिथल्या जंगलातून तात्पुरते पकडलेल्या काही पक्ष्यांपैकी दोघांनी एका फळाची टणक कोय फोडताना काड्यांची तीन हत्यारं बनवली. जाड काडीची पाचर मारून फट रुंदावली, टोकदार काडीने आतलं आवरण फाडलं, तिसरीने चमच्यासारखा गर काढला. 2021 मध्ये हे जगापुढे आलं. कामाप्रमाणे हत्यार, आणि हत्यारांचा क्रमही ठरलेला!

आता स्नोबॉल. गाण्याच्या ठेक्यावर नाचणारा हा काकाकुवा जगभर गाजला. अनिरुद्ध पटेल या मेंदूशास्त्रज्ञाने गाण्याची गती कमी-जास्त करून पाहिली, तेव्हा बऱ्याचदा स्नोबॉलचा नाचही बदललेल्या गतीशी जुळला. पुढे 2019 च्या अभ्यासात त्याच्या 14 वेगवेगळ्या हालचाली मोजल्या गेल्या. त्या कुणी शिकवल्या नव्हत्या. खाऊसाठी तो नाचत नव्हता, मादीला भुलवण्यासाठीही नाही. संशोधकांच्या मते तो माणसांच्या सोबतीसाठी नाचत होता. आणि हा पक्षी संशोधकांपर्यंत आला तो पक्ष्यांच्या आश्रयगृहातून, कारण आधीच्या घराला त्याला हवा तेवढा वेळ देणं जमेना.

माझ्या मते पहिल्या पक्ष्याचा सगळा प्रश्न इथेच सुटतो. शिकणं, खोड्या, नाच, काड्यांची कारागिरी हे सारं थव्यात जगणाऱ्या मनाचं देणं आहे. जंगलात काकाकुवा दिवसभर सोबत्यांमध्ये असतो, लाकूड कुरतडतो, मैलोन्‌मैल उडतो, संध्याकाळी सगळ्यांबरोबर कल्ला करत झोपायच्या झाडावर येतो. घरी आणला की तुम्ही त्याचा थवा होता. तुम्ही ऑफिसला गेलात की थवा नाहीसा होतो. मग तो हाक मारतो, आणि ती हाक जंगलभर पोहोचावी अशा ताकदीची असते. फ्लॅटच्या भिंती तिला पुरत नाहीत. कितीतरी पक्षी एकटेपणाने, कंटाळ्याने स्वतःची पिसं उपटतात, छाती उघडी पडेपर्यंत.

हाताने भरवून वाढवलेलं पिल्लू पहिली काही वर्षं फार लाघवी असतं. वयात आलं की तेच घरातल्या एका माणसाला जोडीदार मानू लागतं आणि बाकीच्यांवर धावून जातं. टणक बिया फोडणारी ती चोच बोटावर पडली तर टाके घालावे लागतात. त्यात आयुष्य लांब. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातला कुकी नावाचा गुलाबी काकाकुवा 2016 मध्ये गेला तेव्हा 83 वर्षांचा होता. तिशीत पक्षी आणणाऱ्याने आपल्यामागे त्याचं कोण करणार, हे आधी ठरवायला हवं. आणि पिसांची भुकटी! काकाकुवा अंग झटकतो तेव्हा घराची पिठाची गिरणी होते. दम्याच्या माणसाला हा त्रास छोटा नाही.

कायद्याचंही भान हवं. पिवळ्या तुऱ्याची छोटी इंडोनेशियन जात जंगलातून जवळपास संपत आली आहे, आणि त्यामागचं एक मोठं कारण पिंजऱ्यांचा व्यापार. आपल्याकडे अशा विदेशी पक्ष्यांची सरकारदरबारी नोंदणी लागते. कागद नसलेला पक्षी घेऊच नये.

तरीही हे घराणं आवडलंच असेल, तर त्यातलाच एक धाकटा सदस्य पहिल्या पक्ष्याला खरोखर योग्य आहे. कॉकाटील. बाजारात त्याला सर्रास कॉकटेल म्हणतात. करडं अंग, गालावर नारिंगी ठिपका, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. हा काकाकुव्यांच्याच कुळातला, हे जनुकांच्या अभ्यासाने पक्कं केलं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला हा भटक्या शिट्टी सुरेख वाजवतो, चांगला सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, आणि त्याच्या आवाजाने शेजारी दार वाजवत नाहीत. भुकटी थोडी असतेच. पण तोही थव्यातला, म्हणून एकटा नको, जोडी आणा. फक्त सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका, पालेभाजी आणि इतर धान्यही द्या. पिंजऱ्याबाहेर सोडताना छताचा पंखा बंद असावा. नॉनस्टिकचा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, म्हणून त्याची जागा स्वयंपाकघरापासून दूर.

पहिले काही दिवस हात लावायची घाई नको. तुरा बघायला शिका. ताठ उभा असेल तर तो दचकला आहे किंवा काहीतरी नवं दिसलंय, थोडा मागे झुकलेला असेल तर निवांत आहे, डोक्याला चिकटवून फुसफुस करत असेल तर हात मागे घ्यायचा.